घरी बसलेल्या मतदाराचा एजंट कोण? रशियातल्या २०२० च्या घटनादुरुस्ती मतदानाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: रशियात २०२० साली घटनादुरुस्तीवर देशभर मतदान झालं. सरकार म्हणतं ६८ टक्के मतदान झालं, विरोधक म्हणतात आकडा फुगवलेला आहे. बाहेरून बघणाऱ्यानं खरं-खोटं कसं ओळखायचं? आणि ‘हो’ म्हणणारे तसेही जास्त होतेच, तर मग टक्केवारीवरून इतकं भांडण कशासाठी?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. आकडा फुगवलेला होता, आणि थोडाथोडका नाही, याबद्दल मला शंका वाटत नाही. ‘हो’चं बहुमत बहुधा खरं होतं. तरीही टक्केवारीचा प्रश्न मला बहुमताच्या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो. असं का, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि नोकरीच्या काळात जवळपास प्रत्येक निवडणुकीला केंद्राध्यक्ष म्हणून ड्युटी केली. त्यामुळे मतदानाची टक्केवारी मला दोन्ही टोकांनी ठाऊक आहे. आलेखावर ती कशी दिसते ते माहीत आहे, आणि रात्री साडेआठला शाळेच्या वर्गात, ट्यूबलाइटखाली, थकलेल्या चार माणसांच्या हातून ती कागदावर कशी उतरते तेही.

त्या रात्रीपासूनच सुरुवात करतो. आपल्याकडे मतदार आत आला की त्याचं नाव यादीत बघतात, बोटाला शाई लागते, १७-ए या मतदारांच्या नोंदवहीत सही किंवा अंगठा होतो आणि मग तो मशीनपाशी जातो. सहाच्या ठोक्याला जे रांगेत उभे असतात त्यांना चिठ्ठ्या वाटायच्या, आणि त्या शेपटीकडून वाटायच्या. सगळ्यात मागच्या माणसाला एक नंबर, म्हणजे नंतर येऊन कोणी मागे चिकटू शकत नाही. शेवटचा मतदार गेला की कंट्रोल युनिटवर क्लोज, मग टोटल. टोटल आणि नोंदवही जुळली पाहिजे. ती बेरीज १७-सी नमुन्यात लिहून त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटाच्या, म्हणजे उमेदवारानं केंद्रावर बसवलेल्या प्रतिनिधीच्या, हातात द्यायची.

एका तालुक्याच्या गावी माझी नोंदवही ७४३ दाखवत होती आणि मशीन ७४२. बाहेर एसटी उभी, पोलीस जांभया देत होते. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन पक्षांचे एजंट त्या क्षणी मात्र एका सुरात म्हणाले, “सर, एका मतानं काय होतंय? टाका जुळवून.” आम्ही पाऊण तास नोंदवही मागे-मागे चाळत बसलो. शेवटी दोन नंबरच्या मतदान अधिकारी बाईंना आठवलं. दुपारी एक आजी सही करून, शाई लावून घेऊन, नातू रडायला लागला म्हणून दारातूनच परत फिरल्या होत्या. शेऱ्यात तसं लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि निघालो.

हे सांगायचं कारण, त्या दिवशी मला एक गोष्ट लख्ख कळली. मत इकडचं तिकडे झालं तर कोणीतरी ओरडतं, कारण प्रत्येक मतामागे एक उमेदवार आणि उमेदवारामागे एक एजंट असतो. पण जो आलाच नाही, त्याच्या नावावर एक मत जास्त पडलं तर तक्रार कोण करणार? तो घरी आहे. त्याला कळणारही नाही. उमेदवारांच्या निवडणुकीत निदान दुसऱ्या पक्षाचा एजंट त्या जास्तीच्या मताकडे डोळे वटारून बघतो. सार्वमतात उमेदवारच नसतो. ‘हो’ आणि ‘नाही’ यांना बऱ्याचदा स्वतःचे पोलिंग एजंट नसतात. म्हणून माझ्या मते सार्वमतात सगळ्यात सहज खोटा होणारा आकडा उपस्थितीचा असतो, आणि पहिली नजर तिथे जायला हवी.

आता रशियाकडे येऊ. १५ जानेवारी २०२० ला पुतिन यांनी संसदेपुढच्या भाषणात घटनादुरुस्त्या जाहीर केल्या. त्याच दिवशी पंतप्रधान मेदवेदेव यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. १० मार्चला जगातल्या पहिल्या महिला अंतराळवीर आणि ड्यूमाच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, सदस्य व्हालेंतिना तेरेश्कोव्हा यांनी उठून सुचवलं की राष्ट्राध्यक्षांच्या आधीच्या कारकिर्दी मोजूच नयेत, मोजणी शून्यापासून सुरू करावी. त्यामुळे पुतिन यांना २०३६ पर्यंत पदावर राहण्याची वाट मोकळी होत होती. दुसऱ्याच दिवशी ड्यूमानं दुरुस्त्या संमत केल्या, प्रांतांच्या विधिमंडळांनी होकार दिला आणि घटना न्यायालयानंही मार्चमध्येच हिरवा कंदील दाखवला. कायद्यानं एवढं पुरेसं होतं. लोकांना विचारण्याची सक्ती नव्हती.

तरीही विचारलं. मतदान २२ एप्रिलला ठरलं होतं, करोनामुळे लांबलं आणि २५ जून ते १ जुलै असं सात दिवस चाललं. सुमारे दोनशे बदलांवर मिळून एकच प्रश्न होता: रशियन संघराज्याच्या घटनेतील बदल तुम्हाला मंजूर आहेत का? पेन्शनची वाढ, लग्नाची व्याख्या, देवाचा उल्लेख आणि पुतिन यांच्या कारकिर्दीची शून्यापासून मोजणी, सगळ्याला मिळून एक ‘हो’ किंवा एक ‘नाही’. दुरुस्त केलेल्या घटनेच्या छापील प्रती तोवर पुस्तकांच्या दुकानांत विकायलाही आल्या होत्या.

अनेक जण याला सार्वमत म्हणतात, मीही बोलण्याच्या ओघात म्हणेन. पण कायद्याच्या भाषेत ते सार्वमत नव्हतं, ‘देशव्यापी मतदान’ होतं, आणि हा फरक हिशेबाच्या मुळाशी आहे. रशियाच्या सार्वमताच्या कायद्यात निम्म्याहून अधिक मतदार आले तरच निकाल ग्राह्य अशी अट आहे, प्रचाराचे आणि निरीक्षणाचे नियम आहेत. या मतदानासाठी वेगळे नियम केले गेले आणि त्यात ती अट नव्हती. निरीक्षक नेमण्याचा अधिकार पक्षांकडून काढून ‘सार्वजनिक सभा’ नावाच्या, सरकारशी जवळीक असलेल्या मंडळांकडे दिला. म्हणजे माझ्या त्या वर्गात भांडणारे दोन एजंट असायचे, ते इथे मुळातच काढून टाकलेले.

सात दिवस हा प्रकार ज्यानं केंद्रावर काम केलं आहे त्याला सांगावा लागत नाही. सात दिवस म्हणजे मधे सहा रात्री. रोजच्या मतपत्रिका संध्याकाळी सीलबंद पाकिटांत घालून केंद्रावरच ठेवल्या जात. आपल्याकडे मतदान आणि मोजणी यांच्या मधल्या काळात स्ट्राँगरूमबाहेर पक्षांचे कार्यकर्ते सतरंजी टाकून झोपतात, कुलपाचे फोटो काढतात, सीसीटीव्हीच्या पडद्याकडे टक लावून बसतात. आपण त्यांना हसतो, पण निकालावरचा विश्वास त्या सतरंजीवरच उभा असतो. रशियात त्या रात्री पाकिटांपाशी कोण होतं, याला उत्तर नाही. शिवाय करोनाचं कारण देऊन केंद्राबाहेर मतदान घेतलं गेलं: अंगणातल्या बाकांवर, झाडाच्या खोडावर, गाडीच्या उघड्या डिकीत. ते फोटो तेव्हा जगभर फिरले. मुख्य दिवस, म्हणजे १ जुलै उजाडायच्या आतच निम्म्याहून अधिक मतदारांनी मत दिल्याचं जाहीर झालं होतं. मॉस्कोत आणि निझनी नोव्हगोरोद प्रांतात ऑनलाइन मतदानाची सोय होती. ‘दोझ्द’ वाहिनीच्या एका पत्रकारानं आधी केंद्रावर आणि मग ऑनलाइन अशी दोन मतं देऊन दाखवली. सेंट पीटर्सबर्गमध्ये एका केंद्रावर तक्रारीची बातमी करायला गेलेल्या ‘मीडियाझोना’च्या पत्रकाराचा हात पोलिसांनी मोडला.

अंतिम निकाल असा: उपस्थिती ६७.९७ टक्के, ‘हो’ ७७.९२ टक्के, ‘नाही’ २१.२७ टक्के. सुमारे १० कोटी ९२ लाख मतदारांपैकी ५ कोटी ७७ लाखांनी ‘हो’ म्हटलं आणि सुमारे १ कोटी ५८ लाखांनी ‘नाही’.

आता बाहेरच्या माणसाला कसं कळावं? इथे रशियाच्या निवडणूक आयोगाचीच एक जुनी चांगली सवय कामी आली. केंद्रनिहाय निकाल ते संकेतस्थळावर टाकत. नव्वद हजारांहून अधिक केंद्रं, प्रत्येकाची यादीतली संख्या, आलेले मतदार, ‘हो’, ‘नाही’. हा माल हातात असला की संख्याशास्त्राला पुष्कळ काही दिसतं. सर्गेई श्पिल्किन हे भौतिकशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच काम करत आले.

त्यांची पद्धत आडव्या अक्षावर उपस्थिती आणि उभ्या अक्षावर ‘हो’ची टक्केवारी घेऊन प्रत्येक केंद्राचा एक ठिपका टाकायची आहे. प्रामाणिक मतदानात ठिपक्यांचा एक गोळा तयार होतो. कुठे जरा जास्त लोक येतात, कुठे कमी. कुठे ‘हो’ जास्त, कुठे कमी. पण गोळा गोळाच राहतो. २०२० च्या आलेखात गोळा होता, ४५ टक्के उपस्थिती आणि ६५ टक्के ‘हो’ यांच्या आसपास. पण त्याला एक लांब शेपूट होतं. ते उजवीकडे वर चढत थेट १०० आणि १०० च्या कोपऱ्यात पोचत होतं. उपस्थिती वाढत जाते तसा ‘हो’ वाढतो आणि ‘नाही’ मात्र जागचा हलत नाही. पेटीत एकगठ्ठा ‘हो’ टाकले किंवा बेरजेत लिहिले तर नेमकं हेच होतं, कारण त्या कृतीनं दोन्ही आकडे एकाच वेळी सरकतात. श्पिल्किन यांच्या अंदाजानं सुमारे २ कोटी २० लाख मतं या संशयित शेपटातली होती.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो झटकून टाकणं बरोबर नाही. खेड्यातले लोक जास्त संख्येनं मतदानाला येतात आणि खेडी सरकारच्या बाजूची असतात. मग शेपूट आपोआप तयार होणार नाही का? काही अंशी होईल. आपल्याकडेही शहरी उपनगर आणि डोंगराळ तालुका एका आलेखावर टाकले तर गोळा ताणला जातो. म्हणून मी एकट्या शेपटावर निकाल देत नाही. दुसरी खूण जास्त बोलकी आहे.

शिक्षक मंडळींना ती लगेच कळेल. दहावीच्या गुणांचा आलेख काढा. ३५ वर एक उंच काठी उभी दिसते, आणि तिच्या डावीकडे ३३, ३४ गुणांची मुलं जवळपास गायब. कोणती उत्तरपत्रिका उचलून धरली ते आलेख सांगत नाही, पण ३५ जवळ माणसाचा हात फिरला हे सांगतो. रशियाच्या निकालांत अशा काठ्या पूर्ण टक्क्यांवर उभ्या राहतात: ७५, ८०, ८५, ९०, ९५. लोक आपल्या मर्जीनं येतात तेव्हा केंद्राची उपस्थिती ७४.६ होईल, ७५.३ होईल, बरोबर ७५.० वर गर्दी व्हायचं काही कारण नाही. पण वरून निरोप आला की “पंचाहत्तर दाखवा”, आणि यादीत १,८४० नावं आहेत, तर समोरचा माणूस कॅल्क्युलेटर काढतो आणि १,३८० लिहितो. खेडं असो वा शहर, कितीही शिस्तीचे मतदार असोत, ते ठरवून १,३८० वर थांबत नाहीत. रशियात या दातेरी आलेखाला ‘चुरोवची करवत’ म्हणतात, आयोगाचे माजी अध्यक्ष व्लादिमिर चुरोव यांच्यावरून. २०१६ च्या ड्यूमा निवडणुकीत सरातोव शहरात शंभराहून अधिक केंद्रांवर सत्ताधारी पक्षाला तंतोतंत ६२.२ टक्के मिळाले होते. वर्गात शंभर मुलांची एकच चूक एकाच जागी सापडली तर आपण काय समजतो?

२०२० मध्येही या काठ्या होत्या, आणि ठळक होत्या. संशोधक दिमित्री कोबाक आणि श्पिल्किन यांनी त्यावर शोधनियतकालिकात लिहिलं आहे.

एक मर्यादाही सांगतो. या पद्धतीनं अमुक केंद्रावर अमुक माणसानं गुन्हा केला असं सिद्ध होत नाही. न्यायालयात त्यासाठी कागद, साक्षीदार, चित्रफीत लागते. आलेख फक्त एवढं सांगतो की हे आकडे नुसत्या मतदारांच्या येण्या-जाण्यातून तयार झालेले नाहीत.

तिथल्या केंद्रांवर कोण बसलेलं असतं, हे मला सारखं आठवत राहतं. आपल्यासारख्याच शिक्षिका. केंद्र शाळेत, समितीवर शाळेचा मुख्याध्यापक, बाकीचे पगारी सरकारी नोकर. त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण १,३८० लिहायला सांगणारा माणूस त्या खोलीत नसतोच. आणि सगळी वाढ खोटी नव्हती, हेही ध्यानात घ्या. मॉस्कोत मतदान करणाऱ्यांसाठी ‘दहा लाख बक्षिसं’ नावाची योजना होती, दुकानात चालणारी प्रमाणपत्रं वाटली गेली. सरकारी आणि मोठ्या कंपन्यांतल्या नोकरांना मतदान करून तसं कळवा असं सांगितल्याच्या तक्रारी जागोजाग होत्या. म्हणजे आमिषानं आलेला मतदार वेगळा, धाकानं आलेला वेगळा आणि आलाच नाही पण आला म्हणून लिहिलेला वेगळा. पहिल्या दोघांनी निदान स्वतःच्या हातानं खूण केली. तिसऱ्याचा हातसुद्धा उसना आहे.

चेचन्यात ‘हो’ जवळपास ९८ टक्के. त्याच देशात, त्याच आठवड्यात, उत्तरेच्या टोकाला नेनेत्स स्वायत्त प्रदेशात ५५ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. त्यांचा प्रदेश शेजारच्या अर्खांगेल्स्कमध्ये विलीन करायचा घाट नुकताच घातला गेला होता, त्याचा राग होता. जिथे लोकांची मतं जशीच्या तशी मोजली गेली तिथे राग आकड्यात उतरला.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. ‘हो’ जिंकणारच होता, मग काय बिघडलं? हिशेब करू. जाहीर आकड्यानं ५ कोटी ७७ लाख भागिले १० कोटी ९२ लाख, म्हणजे सुमारे ५३ टक्के. याचा अर्थ मत न देणाऱ्यांसकट, देशातल्या सगळ्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक लोक पुतिन यांच्या पाठीशी. आता श्पिल्किन यांची २ कोटी २० लाख मतं वजा करा. उरतात ३ कोटी ५७ लाख. दिलेल्या मतांत ‘हो’ अजूनही सत्तर टक्क्यांच्या जवळ राहतो, विजय शाबूत. पण एकूण मतदारांत तो जेमतेम तिसरा हिस्सा होतो. निम्मा देश आणि एक तृतीयांश देश यांत राजकीयदृष्ट्या जमीन-अस्मानाचा फरक आहे, विशेषतः कायद्यानं गरज नसताना केवळ जनतेचा शिक्का हवा म्हणून मतदान घेतलं असेल तेव्हा. शिक्क्याची किंमत किती जण आले यावरच ठरते. ज्यांनी विरोध म्हणून घरी बसणं निवडलं, त्यांचं बसणं त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि मला यातला सगळ्यात मोठा अन्याय हा वाटतो.

जिथे उपस्थितीची अट असते तिथे हा खेळ आणखी उघड होतो. रोमानियात २९ जुलै २०१२ ला राष्ट्राध्यक्ष बसेस्कू यांना हटवण्यावर सार्वमत झालं. बसेस्कू यांनी समर्थकांना घरी बसायला सांगितलं, कारण निम्मे मतदार आले नाहीत तर सार्वमत बाद. ८८ टक्क्यांहून अधिक मतं हटवण्याच्या बाजूची, पण उपस्थिती ४६ टक्के. मग वाद छेदावर गेला: यादीत मेलेले किती, परदेशी गेलेले किती, खरे मतदार किती? घटना न्यायालयानं सार्वमत अवैध ठरवलं. पुढे सत्ताधारी पक्षाचे नेते लिव्हिऊ द्रागनेआ यांना उपस्थिती वाढवण्यासाठी पदाचा गैरवापर केल्याबद्दल न्यायालयानं दोषी ठरवलं. २०१६ च्या अंतिम निकालात दोन वर्षांची स्थगित शिक्षा होती. उपस्थितीच्या आकड्यासाठी एवढ्या मोठ्या नेत्याला शिक्षा झाल्याचं उदाहरण मला दुसरं सहज आठवत नाही.

आणि म्यानमार. मे २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळानं इरावती खोऱ्यात लाखाच्या वर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, तरी आठवड्याभरात, १० मेला, घटनेवर सार्वमत घेतलंच. वादळग्रस्त भागातलं मतदान २४ मेवर ढकललं, पण त्याआधीच ९२.४ टक्के ‘हो’ असं जाहीर करून लष्करी राजवट मोकळी झाली. तिथे आलेख काढायची गरजच नाही.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल: महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. देशाच्या घटनेवरचं मतदान ते नव्हतं, पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणवादी होते आणि मुख्यमंत्री होते. कौल निःपक्षपाती व्हावा या मागणीमुळे त्यांच्या सरकारनं आधी राजीनामा दिला. मोजणाऱ्या यंत्रणेचा मालक बाजूला झाला. हरलेल्यांच्या मनात सल राहिली असेल, पण त्या आकड्यांवर आज साठ वर्षं होत आली तरी कोणी गंभीरपणे बोट ठेवत नाही.

मग बाहेरच्या माणसानं काय बघावं? मी चार गोष्टी बघतो: मतपेटीजवळ विरोधी बाजूचा माणूस बसू शकत होता का, पेटी किती रात्री कोणाच्या ताब्यात होती, छेदात कोण मोजले आहेत, आणि केंद्रनिहाय आकडे जसेच्या तसे मिळतात का. शेवटच्या मुद्द्यावर रशियानं स्वतःच उत्तर देऊन ठेवलं आहे. सप्टेंबर २०२१ च्या ड्यूमा निवडणुकीत आयोगाच्या संकेतस्थळावरचे आकडे डोळ्यांना नीट दिसत, पण कॉपी केले की भलतंच काहीतरी चिकटत असे. प्रोग्रामर मंडळींनी ते काही दिवसांत सोडवलंही. श्पिल्किन यांना २०२३ मध्ये ‘परकीय हस्तक’ ठरवण्यात आलं. ‘गोलोस’ या निवडणूक निरीक्षण चळवळीचे सहअध्यक्ष ग्रिगोरी मेल्कोन्यांत्स यांना मे २०२५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली.

हे स्वतः करून बघायचं असेल तर रशियापासून सुरुवात करायची गरज नाही. आपल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक मतदारसंघाचा नमुना २० असतो, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. तुमच्या मतदारसंघाचा घ्या. मतदार यादीतली संख्या त्याच्या शेजारी मांडा, उपस्थिती काढा, ठिपके टाका. गोळा आला तर तो कुठे बसला आहे ते बघा, शेपूट दिसलं तर ती केंद्रं कोणत्या वस्तीतली आहेत ते आधी तपासा, आणि मगच शंका घ्या. पीडीएफ बऱ्याचदा स्कॅन केलेली असते, आकडे हातानं भरावे लागतात, दोन रविवार जातील. अडलं तर विचारा.